सुरबानाना टिपणीसांचा ठराव: राज्यातल्या नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना खुले पत्र

सन्माननीय नगराध्यक्ष आणि नगरसेवकहो,

सप्रेम नमस्कार.

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी राज्यभर कार्यक्रम होतील, तुमच्या शहरातही होतील आणि ते व्हायलाच हवेत. हे पत्र मात्र त्या इतिहासातल्या एका अशा माणसाबद्दल आहे, जो तुमच्यासारखाच एका छोट्या शहराच्या नगरपालिकेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. बाबासाहेबांच्या चरित्रांत त्यांचं नाव बहुतेक वेळा अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या जोडीने येतं आणि पुढच्या वाक्यात मागे पडतं. सत्याग्रहाच्या कथेत ते रास्तही आहे, कारण ती कथा बाबासाहेबांची आणि तळ्यावर चालून गेलेल्या हजारोंची आहे. पण नगरपालिकेचा कारभार पाहणाऱ्या तुम्हा मंडळींनी तरी त्या नावापाशी थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हकिकत थोडी मागून सांगावी लागेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना करू द्यावा, असा तो ठराव. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याचे आदेश दिले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या (तालुका-जिल्ह्याच्या तेव्हाच्या स्थानिक संस्थांच्या) ताब्यातल्या जागांचं काय करायचं, ते मात्र त्या त्या संस्थेवर होतं. ठराव मुंबईत झाला तरी विहीर गावात होती, आणि विहिरीची मालकी गावच्या पंचांकडे, बोर्डाकडे किंवा पालिकेकडे होती.

इथे महाड पुढे आलं. सावित्रीकाठचं, रायगडाच्या पायथ्याजवळचं हे बाजारपेठेचं गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. टिपणीस अध्यक्ष असलेल्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला की चवदार तळं सर्वांना खुलं आहे. बोले ठराव होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मुंबई इलाख्यातल्या किती नगरपालिका तेव्हा गप्प बसून होत्या, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा विधिमंडळात उभं राहावं लागलं, आणि जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड १९२३ चा ठराव अमलात आणत नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा, अशी शिफारस मंजूर करून घ्यावी लागली. म्हणजे तीन वर्षांनीही बहुतेकांनी हात हलवला नव्हता. महाडने हलवला होता.

त्या ठरावाची किंमत कळायला महाडमधल्या पाण्याची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. आसपासच्या खेड्यांतून अस्पृश्य समाजातली माणसं महाडला बाजारासाठी येत. गावकामगार म्हणून सरकारी कागद पोचवायला आणि सारा भरायलाही येत. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळेल असं सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळं. त्यावर जनावरं पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते. या माणसांना मात्र बंदी. त्यांच्यासाठी पाणी कुठे होतं? गावाच्या मध्यापासून लांब, त्यांच्याच वस्तीतल्या विहिरीवर. आणि ती विहीरही नगरपालिकेच्या दुर्लक्षामुळे बुजत आली होती, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. माझ्या मते हे वाक्य प्रत्येक नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लावलं पाहिजे. तहानेला कारण धर्म आणि रूढी होतीच, पण त्यात गाळ न काढणाऱ्या नगरपालिकेचाही वाटा होता. सुरबानाना ज्या संस्थेचे अध्यक्ष झाले ती अशी संस्था होती.

ठराव झाला, आणि पुढे तीन वर्षं काहीच झालं नाही. तळ्याकाठच्या सवर्ण वस्तीचा विरोध इतका होता की ठरावाच्या बळावर पाणी भरायला जाणं म्हणजे मार खायला जाणं. नगरपालिकेच्या ठरावबुकात तळं खुलं होतं, तळ्याच्या पायऱ्यांवर ते बंद होतं. टिपणीसांच्या कारकिर्दीकडे कुणी एवढंच पाहिलं तर म्हणेल, कागदी काम केलं आणि हात झटकले. तुमच्यापैकी अनेकांच्या कारकिर्दीचा हिशेब इथेच संपतो, हे मी कठोर होऊन म्हणतो. विषयपत्रिकेवर विषय आला, सूचक-अनुमोदक मिळाले, ठराव एकमताने मंजूर, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम, आणि मग तो ठराव कुठे गेला हे विचारायला कुणी नाही.

टिपणीस तिथे थांबले नाहीत. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या त्याच परिसरातल्या तरुण दलित कार्यकर्त्यांची खटपट होती, आणि गावातून पाठीशी उभे राहणाऱ्यांमध्ये चित्रे, टिपणीस ही कायस्थ मंडळी आणि मुंबईहून सोशल सर्व्हिस लीगचे सहस्रबुद्धे होते. परिषदेसाठी महाड निवडलं गेलं त्यात या पाठिंब्याचा आणि त्या १९२४ च्या ठरावाचा मोठा भाग होता. परिषदेला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून पाणी विकत घ्यावं लागलं. तळं नगरपालिकेच्या कागदावर खुलं असताना! दुसऱ्या दिवशी, आभारप्रदर्शन होत असताना, अनंतराव चित्रे उठले आणि म्हणाले की आता सर्वांनी मिळून तळ्यावर जाऊ आणि हा हक्क बजावू. मग बाबासाहेबांच्या मागे ती मिरवणूक निघाली आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायली.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठवली गेली, गावात परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं.

आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

ही तारीख फार थोड्यांना पाठ असते. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. जो दरवाजा त्या सभागृहाने कागदावर उघडला होता तो त्याच सभागृहाने लोक खरोखर आत आल्यावर बंद केला. कागदावर कुणाचं काही जात नव्हतं तोवर ठराव टिकला. लोकांनी ओंजळ भरताच तो जड झाला. एका नगराध्यक्षाच्या आयुष्यातल्या कामाची याहून मोठी परीक्षा कोणती? आपण सही केलेला निर्णय आपल्याच गावातले लोक, रोज भेटणारे शेजारी, बाजारातले ओळखीचे व्यापारी मिळून उलटवतात, आणि तरी ज्यांच्यासाठी तो निर्णय केला त्यांच्या बाजूने उभं राहायचं. छोट्या शहरात हे सोपं नसतं. मोठ्या शहरातला पुढारी विरोधकाला वर्तमानपत्रात भेटतो. छोट्या शहरातला त्याला सकाळी दाराशी भेटतो.

मला इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण शताब्दीच्या भाषणांत तिचा विपर्यास होण्याची भीती वाटते. तळ्याचं पाणी टिपणीसांनी ‘दिलं’ नाही. नगरपालिकेनेही दिलं नाही. ते माणसांनी चालत जाऊन घेतलं, डोकी फोडून घेतली, आणि मग दहा वर्षं न्यायालयात झगडून टिकवलं. सुरबानानांचं मोठेपण या दात्याच्या भूमिकेत शोधू नका. ज्या संस्थेचे ते प्रमुख होते ती संस्था शतकानुशतकांच्या अन्यायात सामील होती, हे त्यांनी ओळखलं आणि संस्थेचं वजन दुसऱ्या पारड्यात टाकलं. पुढे संस्थेने ते वजन काढून घेतलं तेव्हा त्यांनी स्वतःचं काढून घेतलं नाही. एवढंच, पण हे ‘एवढंच’ मी आजवर फार थोड्या माजी नगराध्यक्षांमध्ये पाहिलं आहे.

न्यायालयाची बाजू तुम्हा नगरपालिकावाल्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे, म्हणून थोडं सविस्तर. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी चालू असताना महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळं खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला जागाही कुणी देत नव्हतं, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. सत्याग्रह मात्र न्यायालयाचा मान राखून तहकूब केला गेला. त्यानंतर दावा महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये फेटाळला गेला, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये फेटाळला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे, आणि सांगितलेली पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही.

‘तळं नगरपालिकेचं आहे.’ निकालातल्या या गोष्टीवर सगळा डाव फिरला. नगरपालिकेचं म्हणजे कुणा एका आळीचं नाही. सुरबानानांच्या १९२४ च्या ठरावात हाच दावा होता: ही जागा आमच्या ताब्यात आहे, म्हणून ती सर्वांची आहे. स्वतःच्या संस्थेने तो ठराव पुसला, तरी तेच तत्त्व उच्च न्यायालयातून परत आलं. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही असं लिहिलं गेलं. ते कलम वाचताना मला बोले ठरावातली ती पाणवठ्यांची यादी आठवते.

योगायोग असा की १९३७ मध्येच टिपणीस स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये काढलेला हा पक्ष. त्याच्या तिकिटावर निवडून आलेल्या सवर्ण उमेदवारांत अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर हेही होते. कोकणात या पक्षाचं मुख्य भांडण खोतीशी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीशी होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. म्हणजे तळ्याच्या प्रश्नावर जो माणूस नगराध्यक्ष म्हणून एका बाजूला उभा राहिला, तो तेरा वर्षांनी जमिनीच्या प्रश्नावरही त्याच बाजूला होता. पुढे त्यांना ‘दलितमित्र’ म्हणून गौरवलं गेलं. पदाची मुदत संपली की भूमिकेचीही मुदत संपते, असं त्यांच्याबाबत घडलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो.

तुमच्यापुढे आज बोले ठरावासारखीच एक गोष्ट पडलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक नावं असलेल्या वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय मुंबईत झाला, अंमलबजावणी पुन्हा गावात आणि शहरात. किती नगरपरिषदांनी हा विषय विशेष सभेपुढे आणला, वस्तीतल्या लोकांना विचारून नवी नावं ठरवली आणि मालमत्ता कराच्या नोंदीपासून पाण्याच्या बिलापर्यंत जुनी नावं काढली? ज्यांनी केलं त्यांना माझा मनापासून नमस्कार. ज्यांनी केलं नाही त्यांनी आपल्या कर विभागातलं रजिस्टर उघडून पाहावं. कागदावरचं एक नाव बदलायलाही जी संस्था वर्षानुवर्षं घेते, तिने चवदार तळ्याच्या फोटोला हार घालताना थोडं थबकावं.

पाण्याचंही तेच. तुमच्या शहरात नळाला पाणी कोणत्या भागात आधी येतं आणि कोणत्या भागात सर्वांत शेवटी, कमी दाबाने, अवेळी येतं, हे तुमच्या पाणीपुरवठा सभापतींना आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तोंडपाठ असतं. ती यादी एकदा वस्त्यांच्या नकाशावर ठेवून बघा. उंचसखलपणा, जुनी पाइपलाइन, टाकीपासूनचं अंतर, ही कारणं खरी असतात, मी ती नाकारत नाही. पण जलकुंभ कुठे बांधायचा, नवी लाइन आधी कुठे टाकायची, हे सभागृहच ठरवतं. महाडची ती बुजलेली विहीरही कुणी एका दिवसात ठरवून बुजवली नव्हती. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात तिचा गाळ मागे राहत गेला, म्हणून ती बुजली. दलित वस्ती सुधार योजनेचा निधी आणि मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के खर्च कुठल्या पेव्हर ब्लॉकमध्ये आणि कुठल्या कमानीत गेला, याचा वस्तीला समजेल असा हिशेब दर वर्षी वस्तीतच जाऊन वाचला तर किती बरं होईल.

आणि सफाई कामगार. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरी गटाराच्या आणि सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये माणूस उतरवला जातो, बहुतेक वेळा कंत्राटदाराचा, आणि बहुतेक वेळा त्याच समाजांतला ज्यांना तळ्यावर येऊ दिलं जात नव्हतं. कंत्राटाच्या फाइलवर तुमची सही असते. ‘तो आमचा कर्मचारी नाही’ हे उत्तर सुरबानानांच्या खुर्चीत बसणाऱ्याने देऊ नये.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. ठराव केला की मुख्याधिकारी तो नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात आणि अंमलबजावणी थांबू शकते. निधी वरून येतो, तोही उशिरा. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियमच गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदलला की सभागृहाचा आणि अध्यक्षाचा मेळ बसता बसत नाही. मधली कित्येक वर्षं निवडणुकाच न झाल्याने शहरं प्रशासकाच्या हाती होती. हे सगळं खरं आहे. पण १९२४ च्या नगरपालिकेच्या हाती तर याहून कमी होतं. डोक्यावर परकीय सरकार, मतदानाचा अधिकार मूठभरांना, आणि ते मूठभर बहुतेक त्याच तळ्याकाठचे. तेवढ्यातही एका ठरावापुरता अधिकार होता आणि तो वापरला गेला.

म्हणून माझी विनंती अशी. मार्च २०२७ मध्ये मंडप आणि फ्लेक्स होतीलच, त्यासोबत आपल्या नगरपरिषदेची एक विशेष सभा घ्या. तिच्या विषयपत्रिकेवर महाड नगरपालिकेचा ५ जानेवारी १९२४ चा ठराव आणि ४ ऑगस्ट १९२७ चा तो रद्द करणारा ठराव, दोन्ही ठेवा आणि सभागृहात मोठ्याने वाचा. एकच वाचू नका. पहिला वाचून टाळ्या घ्याल, दुसरा वाचल्यावर सभागृहात जी शांतता होईल तीही नोंदवून घ्या. सभा गॅलरीत बसणाऱ्यांसाठी खुली ठेवा आणि शहरातल्या ज्या वस्तीत पाणी सर्वांत शेवटी पोचतं तिथल्या बायकांना आधी बोलावा. त्याच सभेत आपल्या शहरातली उरलेली जातिवाचक नावं काढण्याचा विषय घ्या, आणि चेंबरमध्ये माणूस उतरवणार नाही अशी अट प्रत्येक सफाई कंत्राटात घालण्याचा विषय घ्या. दोन्हींना अंमलबजावणीची तारीख लावा, आणि ती तारीख उलटल्यावर पुढच्या सभेत पहिला विषय तोच असू द्या.

महाडच्या सदस्यांना वेगळं सांगतो. तुमच्या दप्तरात त्या काळची ठरावबुकं जी काही शिल्लक असतील ती जपा, त्यांच्या प्रती काढा आणि संशोधकांना, शाळांना, कुणाही नागरिकाला पाहायला मिळतील अशी सोय करा. त्या वहीतल्या दोन नोंदी या महाराष्ट्राच्या सामायिक ठेव्याचा भाग आहेत. तळं पाहायला येणाऱ्या पोरांना सांगा की इथे एक नगराध्यक्ष होता, त्याच्या सभागृहाने आधी बरोबर आणि मग चूक निर्णय केला, आणि तो स्वतः पहिल्या निर्णयाच्या बाजूने राहिला.

या विशेष सभेची तारीख तुम्ही ठरवली की शहरात दवंडी द्या, सूचनाफलकावर लावा. गॅलरीत जागा धरायला माझ्यासारखे बरेच जण येतील.

आपला,
नगरपालिकेच्या कारभारावर लक्ष ठेवून असलेला एक नागरिक